दुसऱ्या अल्बममधल्या किल्ल्या

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कानाच्या विभागातल्या तपासणी यंत्राचा सगळ्यांत बारीक सूर बंद पडला.

यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने हेडफोन काढले, उजवी तार डावीकडे आणि डावी उजवीकडे जोडली, हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि खटका दाबला. दिवा लागला. सूर आला नाही. त्याच्या खालचा सूर आला, पण भिंतीपलीकडून यावा तसा. त्याने आवाज वाढवला, अजून वाढवला. मग लांब कुठेतरी, पाण्याच्या तळाशी कुणी चमचा टाकावा तसं काहीतरी किणकिणलं. ते खरंच वाजलं की त्याला आठवलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

रोज पहिला रुग्ण आत घेण्याआधी यंत्र स्वतःच्या कानांनी तपासायचं, हा विभागाचा नियम होता. जाड सुरापासून सुरुवात करायची, एकेक पायरी चढत बारीक सुरापर्यंत जायचं. दोन्ही कानांत सगळे सूर आले की वहीत तारीख, आवाजाची पातळी आणि सही. एकोणीस वर्षं तो हे करत आला होता. विभागातली दुसरी तंत्रज्ञ, जिला त्यानेच शिकवलं होतं, बुधवारपर्यंत रजेवर होती. त्यामुळे आणखी कुणाच्या कानांना विचारायची सोय नव्हती. त्याने वहीत लिहिलं : 'वरचे दोन सूर क्षीण. दोन्ही बाजूंना. यंत्राचा दोष.' दुरुस्तीवाल्याला फोन केला आणि बाहेरच्या बाकावरच्या सहा जणांना परवा यायला सांगितलं.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तो तपासणीच्या बंद खोलीत जाऊन रुग्णाच्या खुर्चीवर बसला. या खोलीच्या भिंती हातभर जाड होत्या आणि दार लागताना पेटीचं झाकण बसावं तसा दबका आवाज यायचा. आत बसलं की माणसाला आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो, मग गिळल्याचा आवाज, मग काहीच नाही. पुष्कळ रुग्ण घाबरतात. त्याला ही खोली आवडायची. गेले तीन आठवडे ही एकच जागा अशी होती, जिथे कुणी त्याला अल्बमबद्दल विचारत नव्हतं.

बँडमध्ये त्याला 'कान' म्हणत. तो कुठलंच वाद्य वाजवत नव्हता. धाकटी बहीण गायची आणि बेस वाजवायची, कुलूपकिल्लीचं दुकान असलेला लांब्या गिटार वाजवायचा, शाळेत गणित शिकवणारा मास्तर ड्रम बडवायचा. कान त्या सगळ्यांचे आवाज टेपवर घ्यायचा आणि नंतर एकत्र बसवायचा : कुणाचा किती पुढे, कुणाचा किती मागे. वर्तमानपत्रं त्यांच्या संगीताला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणत. मास्तरने त्याची फोड केली होती : "अल्टरनेटिव्ह म्हणजे ज्याला गिऱ्हाईक नाही असा रॉक."

पाच वर्षांपूर्वीचा पहिला अल्बम त्यांनी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात केला होता. कारखान्याच्या शीतगृहाला आतून बुचाच्या लाकडाचं अस्तर होतं. ते अस्तर आवाज पिऊन टाकायचं. अल्बम जाड आणि काळोखा झाला, गोधडीखालून ऐकावा तसा. फार लोकांनी घेतला नाही, पण ज्यांनी घेतला त्यांनी सोडला नाही. चौथ्या गाण्यात लांब्याने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून तालावर हलवला होता. तो इतका मागे होता की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळायचाही नाही. ज्याला कळायचा, तो दुसऱ्याला सांगायचा.

दुसरा अल्बम त्याच शीतगृहात झाला. वाद्यं तीच, माइक तेच. कानाने तीन आठवडे एकट्याने बसून तो जुळवला. या अल्बमच्याही चौथ्या गाण्यात किल्ल्या होत्या. ऐकणाऱ्यांना जुनी खूण सापडावी म्हणून त्या मुद्दाम ठेवल्या होत्या. शेवटच्या दिवशी सगळे ऐकायला बसले. चौथं गाणं संपायच्या आत लांब्या उठून उभा राहिला.

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? आपलं गाणं," कान म्हणाला.

"आपलं? माझी गिटार आहे का जाहिरातीतला साबण? फेस येतोय नुसता! आणि माझ्या किल्ल्या... अरे, त्या घरात घुसल्यासारख्या वाजताहेत."

"मी काहीच वेगळं केलेलं नाही."

"त्या कंपनीच्या साहेबाबरोबर जेवून आलास ना मागच्या महिन्यात? तेव्हाच मी समजलो."

कंपनीच्या साहेबाला अल्बम फार आवडला. अशी चमक मागूनही मिळत नाही, असं त्याने फोनवर दोनदा सांगितलं. बहीण म्हणाली, दादाने केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार. मास्तर म्हणाला, दोन विरुद्ध एक. लांब्याने गिटार पेटीत ठेवली आणि जुडगा खणखणवत जिना उतरून गेला. तो परत आला नाही.

अल्बम बाहेर आला तेव्हा एका वर्तमानपत्राने लिहिलं, की हा बँड पहिल्या अल्बममध्ये तळघरात होता, दुसऱ्यात तो दुकानाच्या काचेमागे उभा आहे. पहिला अल्बम न सोडणाऱ्यांनी पत्रं पाठवली. विकले गेलात, हा शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात होता. गाणी मात्र रेडिओवर लागू लागली. चौथं सगळ्यांत जास्त.

कानाने ती पत्रं जपून ठेवली आणि अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला. त्याला चमक कुठेच सापडली नाही. त्याला तो पहिल्यासारखाच ऐकू येत होता, बुचाच्या भिंतींचा, गोधडीखालचा. सगळं जग एकाच वेळी खोटं कसं बोलेल?

गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांनी दुरुस्तीवाला आला. त्याने स्वतःचं मोजमापाचं उपकरण लावलं, सगळे सूर एकेक करून वाजवले आणि मान हलवली.

"साहेब, यंत्र ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा तब्येत चांगली आहे त्याची."

"सहा हजार हर्ट्झवर पाहिलं?"

"सहा हजारावर पाहिलं, आठ हजारावर पाहिलं. हे घ्या, वाजतोय आत्ता."

कानाने हेडफोन घातले. दिवा लागलेला दिसत होता. रजेवरून आलेली सहकारी शेजारी उभी होती. त्याने हेडफोन काढून तिच्याकडे दिले. तिने एकच बाजू स्वतःच्या कानाला लावली.

"येतोय की, सर. खणखणीत येतोय."

दुरुस्तीवाल्याने आपल्या पिशवीची चेन लावली, उघडली आणि पुन्हा लावली. मग येतो म्हणाला आणि कागदावर सही न घेताच गेला.

"सर," सहकारी म्हणाली, "आत बसता का जरा?"

"बाहेर पेशंट आहेत."

"दहा मिनिटं थांबतील पेशंट. तुम्हीच सांगता ना, या खात्यात घाई करायची नाही म्हणून?"

तो आत बसला. तिने दार लावलं. काचेतून ती त्याला दिसत होती. तिची प्रत्येक लकब त्याला माहीत होती, कारण त्यानेच ती लावली होती : खटका दाबताना रुग्णाकडे बघायचं नाही, सारख्या अंतराने सूर द्यायचे नाहीत. तिच्या खांद्यावरून त्याला ओळखता आलं असतं की सूर कधी आला. म्हणून त्याने डोळे मिटले.

जाड सूर आधी आले. उतारावर लॉरी थांबावी तसा एक, मग दाराआड कुणी गुणगुणावं तसा एक. प्रत्येक वेळी त्याने हातातलं बटण दाबलं. सूर चढत गेले, लहान होत गेले, संध्याकाळी लांबच्या घरांत एकेक दिवा लागावा तसे लागत आणि विझत गेले. मग मोठी शांतता आली. त्या शांततेत त्याला बहिणीच्या सायकलची घंटी ऐकू आली. ती आठ वर्षांची असताना गल्लीच्या टोकाहून वाजवत यायची, ती. त्याने बटण दाबलं. वाळलेल्या गवतातून कुणी चाललं. त्याने बटण दाबलं. काचेच्या बरणीत बटणं ओतल्याचा आवाज आला, आईच्या शिवणाच्या डब्यातली. त्यानंतर अगदी जवळ, उजव्या बाजूला, किल्ल्या.

दार उघडलं तेव्हा सहकारी कागद छातीशी धरून उभी होती.

"सर, शेवटी तुम्ही चार वेळा बटण दाबलंत."

"मग?"

"तेव्हा मी काहीच वाजवलं नव्हतं."

तिने कागद त्याच्या हातात दिला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. कागदाच्या डाव्या कडेपासून निघालेली प्रत्येक रेघ अर्ध्या वाटेपर्यंत सरळ चालली होती आणि मग दरीत उतरली होती. लाल रेघ जास्त खोल. असे कागद त्याने हजारांनी काढले होते. अशा कागदाच्या माणसाला काय सांगायचं हेही त्याला पाठ होतं : हे सावकाश होतं, दुखत नाही, म्हणून कळत नाही. माणसाला वाटतं, लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

"अजून एक दाखवू का?" तिने सकाळच्या तपासणीची वही उघडली. पानं मागे मागे उलटत गेली आणि पातळीच्या रकान्यावर बोट ठेवलं. आता चाळीस डेसिबल. दोन वर्षांपूर्वी तीस. त्याआधी पंचवीस, वीस. सगळं अक्षर त्याचंच होतं. "माझ्या सगळ्या सह्यांपुढे वीस आहे. तुम्ही चढवत आलात, सर. आधीच बघायला हवं होतं मी."

"यंत्र जुनं होत चाललं होतं. म्हणून थोडं वाढवून घ्यायचो."

"यंत्र मागच्या वर्षी नवं आलं, सर. खोकं तुम्हीच फोडलंत."

त्याने वही मिटली. बाहेरच्या बाकावर कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगत होतं. शब्द पोचत होते, त्यांच्या कडा पोचत नव्हत्या. हे किती दिवस असं चाललं असेल, याचा तो विचार करत राहिला.

दुपारी त्याने बॅगेतून अल्बमचे कागद काढले. कुठल्या गाण्यात कुठला आवाज किती चढवला, किती उतरवला, याची तो हाताने रेघ काढून ठेवायचा. चौथ्या गाण्याचा कागद त्याने तपासणीच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. उजेड आरपार आला. एका कागदावर दरी होती, दुसऱ्यावर डोंगर. डोंगर दरीत बसत होता. कुठे केसभरसुद्धा फट नव्हती. जितकं त्याला ऐकू यायचं थांबलं होतं, तितकं त्याने वाढवून घेतलं होतं. कंपनीच्या साहेबाची चमक ती हीच.

संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याने दाराची बेल वाजवली. आत घुमल्यासारखा आवाज झाला. बायकोने दार उघडलं. तो तिथेच उभा राहिला.

"ही बेल कधी बदलली?"

"झालं की वर्ष. का हो?"

"का बदललीस?"

"जुनी चिमणीसारखी चिवचिवायची. मी बाहेर उभी राहून राहून कंटाळायची आणि तुम्ही आत पेपर वाचत बसायचात. मग ही जाडी आणली." तिने त्याच्या हातातली बॅग घेतली. "आज काय विशेष?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, एका घरात राहते मी." ती आत गेली आणि आतून म्हणाली, "तुम्हाला विचारायची सोय होती का? जगाचे कान तपासणारे तुम्ही." थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि त्याच्या डाव्या बाजूला बसली. गेलं वर्षभर ती नेहमी डाव्याच बाजूला बसत होती, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तो बसच्या आगारात गेला. बहीण तिथे चालक होती. तिची फेरी संपायची वेळ त्याला माहीत होती. तिने बस रांगेत लावली, काच खाली केली आणि त्याला वर बोलावलं. रिकाम्या बसमध्ये ती चालकाच्या जागेवरच बसून राहिली, तो तिच्या लगेच मागच्या बाकावर बसला. त्याने दोन्ही कागद तिला दाखवले. मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं. मग तिने स्टिअरिंगवर हात ठेवले, जणू बस चालूच आहे.

"परवा काय झालं सांगू, दादा? एक मुलगी माझ्या मागच्याच सीटवर होती. कॉलेजची असेल. खिडकीत डोकं टेकून गुणगुणत होती. चौथं गाणं. मी गातेय हे तिच्या गावीही नाही. आणि किल्ल्या जिथे येतात ना, तिथे ती नखांनी काचेवर वाजवत होती. माझे दोन थांबे चुकले. लोक ओरडायला लागले तेव्हा ब्रेक मारला."

"हं."

"चौदा वर्षं गातेय मी. एकाही अनोळखी माणसाला माझं गाणं म्हणताना बघितलं नव्हतं."

"ते चुकून झालंय, बाळ."

"असेल चुकून. मला आवडलंय. चुकून झालेलं आता मुद्दाम मोडू नकोस." तिने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "कंपनीला यातलं काही कळायला नको. रविवारी साडेचारला त्यांचा फोन येणारे. तिसरा अल्बम, आणि अट एकच आहे, की तो तूच जुळवायचा. तूच, दादा. लेखी."

"मला ऐकू येत नाही त्यातलं निम्मं."

"तेच तर हवंय त्यांना!" ती हसली, मग तिचं हसणं थांबलं. "ऐक ना. लांब्याला तर मुळीच सांगू नकोस. तो गावभर वाजवेल."

"लांब्याला वाटतंय मी विकला गेलो."

"वाटू दे. तू कान आहेस आमचा. हे कळलं तर तू कोण उरणार, सांग?"

ते वाक्य बोलून झाल्यावर तिचं तिलाच लागलं. तिने पाण्याची बाटली मागे केली, त्याने नको म्हटलं. पुढच्या फेरीची वेळ झाली होती. तो उतरला. बस वळणावरून जाताना तिने हॉर्न दिला. हॉर्न जाड होता, तो त्याला छान ऐकू आला.

लांब्याचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. उभं राहायला एका माणसापुरती जागा आणि टांगलेल्या हजार किल्ल्या. शनिवारी दुपारी कान तिथे पोचला तेव्हा लांब्या यंत्रावर किल्ली कापत होता. पूर्वी या यंत्राची किंकाळी रस्त्याच्या पलीकडे जायची. आता पितळेची भुकटी उडत होती आणि आवाज मात्र लोकरीत गुंडाळलेला होता. ऊन जिन्याच्या फटींतून येत होतं आणि त्यात भुकटी तरंगत होती. कान ते बघत उभा राहिला.

"या, रेडिओवाले!" लांब्याने यंत्र बंद केलं. "कुठलं कुलूप बिघडलं? का तिजोरी घेतलीत, तिची किल्ली हवी?"

"कागद दाखवायला आलोय."

"कराराचा असेल तर मला चष्मा लागत नाही. नको म्हणून सांग."

"बघ तरी."

लांब्याने कागद उजेडात धरला. "हे काय? घसरगुंडी?"

"माझे कान आहेत."

मग कानाने दुसरा कागद त्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मंगळवारपासून, क्रमाने, वेळा सांगत. लांब्या अधूनमधून कागदाकडे आणि अधूनमधून त्याच्याकडे बघत होता. सांगून झालं तेव्हा लांब्याने कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या उजव्या कानाजवळ धरून हलवला.

"ऐकू येतंय?"

"हात हललेला दिसतोय."

लांब्याने जुडगा डाव्या बाजूला नेला. "आता?"

"थोडं. टोपीतून यावं तसं."

लांब्या स्टुलावर बसला. दुकानात स्टूल एकच होतं, त्यामुळे तो लगेच उठला आणि ते कानाकडे सरकवलं. कान बसला.

"उजवा जास्त गेलाय म्हणतोस."

"हो."

"शीतगृहात उजवीकडे कोण उभं असतं?"

"तू. चौदा वर्षं."

"आणि माझा स्पीकर."

"तुझा स्पीकर."

"आवाज कमी कर म्हणून एकदा तरी सांगायचंस, गाढवा."

"तेव्हा छान वाटायचं," कान म्हणाला.

लांब्याने टांगलेल्या किल्ल्यांवरून उगाच हात फिरवला. सगळ्या हलल्या. कानाला फक्त चकाकी दिसली, पाण्यावर वारा यावा तशी, इथून तिथे गेलेली.

"म्हणजे तू विकला गेला नव्हतास."

"नाही."

"मग मी भांडलो कुणाशी?"

कान स्टुलावरून उठला. तो म्हणाला, "उद्या चारला शीतगृहात ये. मूळ टेपा आहेत, चौथं गाणं पुन्हा जुळवून बघू. वरचं सगळं आता दुसऱ्या कुणीतरी ऐकायला हवं. मी खालचं बघतो, ते मला अजून येतं. मी माझी खुर्ची डावीकडे घेतो. उजवीकडे तू बस."

"आणि कंपनी?"

"साडेचारला फोन येईल. तेव्हा सांगेन."

"काय सांगशील?"

"जे आहे ते."

"तुझी बहीण काय म्हणते?"

"नको म्हणते."

लांब्या काही बोलणार तेवढ्यात एक बाई दार लॉक होऊन बाहेर अडकल्याचं सांगत आल्या, गॅसवर भांडं होतं. लांब्याने हत्यारांची पिशवी उचलली. दोन्ही कागद त्याने घडी करून यंत्राखाली सारले, परत दिले नाहीत, येतो किंवा येत नाही असंही म्हणाला नाही. बाईंच्या मागून तो झपाझप गेला. जाताना कमरेला जुडगा हलत होता.

रविवारी चारला पाच कमी असताना कान शीतगृहात पोचला. बहीण आधीच आली होती. मास्तरने निरोप पाठवला होता की शाळेचे पेपर तपासायचे आहेत, बहुमताने जे ठरेल ते त्याला मान्य आहे. शीतगृहात नेहमीचा दमट गारवा होता. बर्फ बंद होऊन वीस वर्षं झाली तरी तो गेला नव्हता. छताजवळच्या झरोक्यातून उजेडाचा एकच पट्टा येत होता आणि बुचाच्या भिंतीवर हळूहळू सरकत होता.

बहिणीने पाहिलं की दादाने आपली खुर्ची डावीकडे ओढलीय आणि उजवीकडे दुसरी खुर्ची आणून ठेवलीय.

"सांगितलंस तू त्याला."

"हो."

"मला वाटलंच." ती रागावली असावी, पण शीतगृहात राग फार वेळ ऐकू येत नाही. "येणारे का?"

"माहीत नाही."

चार वाजून पाच मिनिटांनी त्याने चौथ्या गाण्याची टेप लावली. बहीण मधल्या खुर्चीवर बसली. किल्ल्यांच्या आवाजाची सरकपट्टी कुठली ते त्याने तिला दाखवलं आणि हात मागे घेतला. स्वतःचा तळवा त्याने स्पीकरच्या लाकडावर टेकवला. बेस त्यातून त्याच्या मनगटापर्यंत येत होता. बहिणीची बोटं, तिने वाजवलेली, त्याला आपल्या हातात कळत होती.

"किती खाली आणू?"

"तुला बरं वाटेल तिथे थांब."

तिने पट्टी खाली आणली. पुष्कळ खाली, पहिल्या अल्बमइतकी. ऐकलं. मग डोळे मिटून थोडी वर नेली. पुन्हा थोडी. बसमधली मुलगी तिला आठवत असावी. दादाने ठेवली होती त्याच्या बऱ्याच खाली, पण पहिल्यापेक्षा वर, एका जागी ती थांबली.

"इथे," ती म्हणाली. "इथे आहे असं वाटतं. तुला काय वाटतं?"

"मला खालचं सगळं नीट आहे असं वाटतं."

ती हसली आणि तिने नाक ओढलं. त्याने टेबलावरच्या वहीत ती जागा टिपली. तारीख, वेळ, पातळी. सहीच्या जागी त्याने वही तिच्याकडे सरकवली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सही केली.

टेप संपली. तिची फीत मोकळी फिरत राहिली. फोन टेबलावर होता, साडेचार व्हायला बारा मिनिटं होती. कानाने काय बोलायचं ते एका कागदावर लिहून आणलं होतं, चार ओळी, कारण फोनवर त्याला अलीकडे पलीकडच्याचे शब्द अर्धे लागायचे. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. उजेडाचा पट्टा तिच्या पाठीपर्यंत आला होता.

चार वाजून अठरा मिनिटांनी बहिणीने मान वर केली आणि जिन्याकडे पाहिलं. कानाला काहीही ऐकू आलं नव्हतं.